बासदेव पांडे: त्रिनिदादच्या पंतप्रधानाची कारकीर्द, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बासदेव पांडे म्हणजे नेमके कोण?

त्रिनिदाद आणि टोबॅगो या कॅरिबियन देशाचे पाचवे पंतप्रधान, आणि त्या पदावर बसलेले भारतीय वंशाचे पहिले. जन्म २५ मे १९३३, दक्षिण त्रिनिदादमधल्या प्रिन्सेस टाउनच्या परिसरात. ९ नोव्हेंबर १९९५ ते २४ डिसेंबर २००१ या काळात ते पंतप्रधान होते. १ जानेवारी २०२४ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, अमेरिकेत फ्लोरिडात त्यांचं निधन झालं.

त्यांच्या कारकिर्दीतले दोन निकाल लक्षात ठेवले तर बाकीचं समजायला सोपं जातं: १९९५ चा १७–१७–२ आणि २००१ चा १८–१८ (आकडे पक्षांना मिळालेल्या जागांचे). पहिल्याने त्यांना खुर्ची दिली, दुसऱ्याने काढून घेतली. दोन्ही वेळा पारडं फिरवणारा माणूस एकच होता, टोबॅगोचे नेते आणि पुढे राष्ट्रपती झालेले आर्थर एन. आर. रॉबिन्सन.

नाव ‘बासदेव’ की ‘वासुदेव’?

मूळ वासुदेवच. भोजपुरी तोंडात ‘व’चा ‘ब’ झाला आणि ब्रिटिश दप्तरात तेच रूप कायम राहिलं. आडनाव आपल्या ओळखीचं ‘पांडे’. त्रिनिदादला गेलेले बहुतेक गिरमिटिये (करारावर नेलेले मजूर) आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधले, कलकत्त्याहून जहाजात चढलेले. पहिलं जहाज ‘फाटेल रझाक’ ३० मे १८४५ ला पोचलं. त्यामुळे मॉरिशसमध्ये आहे तसा मराठी समाज इथे शोधायला जाऊ नका. मराठी वाचकाला पोर्ट ऑफ स्पेन ठाऊक असतं ते १९७१ च्या गावसकरांमुळे, आणि तेही काही कमी नाही.

राजकारणात येण्यापूर्वी ते काय करत होते?

तरुणपणी उसाच्या काट्यावर वजन करणं, मग शाळेत शिकवणं, मग सॅन फर्नांडोच्या न्यायालयात टिपणं घेणं. त्यानंतर लंडन. तिथे लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले, नाट्यशिक्षण घेतलं आणि १९६५ मध्ये लंडन विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी मिळवली. लंडनमध्ये त्यांनी चित्रपटांत छोट्या भूमिकाही केल्या. त्यातला एक गांधीहत्येवरचा होता. पुढे दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकायची शिष्यवृत्तीही मिळाली होती; ती न घेता ते घरी परतले.

नाट्यशिक्षणाचा उल्लेख चरित्रात गंमत म्हणून येतो, पण तो गांभीर्याने घ्यावा. सभेत कुठे थांबायचं, हशा कधी घ्यायचा आणि कुणाची खिल्ली उडवायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पांढऱ्या केसांमुळे मिळालेलं ‘सिल्व्हर फॉक्स’ हे टोपणनाव निम्मं केसांचं आणि निम्मं स्वभावाचं होतं.

साखर कामगारांच्या संघटनेतून ते वर कसे आले?

पहिला प्रयत्न साफ फसला. १९६६ ची निवडणूक त्यांनी वर्कर्स अँड फार्मर्स पार्टी या डाव्या पक्षाकडून लढवली आणि अनामत रक्कमही गमावली. वंशाच्या रेषेवर मतदान होणाऱ्या देशात वर्गाची भाषा बोलणारा नवा पक्ष गावोगावी माणसं नसताना उभा राहिला की असंच होतं.

ती माणसं त्यांना साखरपट्ट्यात मिळाली. साखर मजुरांचे जुने पुढारी भदासे सागन मराज १९७१ मध्ये वारले. त्यांच्यामागे संघटनेत पोकळी झाली आणि १९७३ मध्ये पांडे तिचे अध्यक्ष झाले. ऊसतोडीचे मजूर बहुतांश भारतीय वंशाचे, तेलक्षेत्रातले कामगार बहुतांश आफ्रिकी वंशाचे. दोघांना एका झेंड्याखाली आणायचं म्हणून तेल कामगारांचे जॉर्ज वीक्स, ऊस उत्पादकांचे रफीक शाह आणि वाहतूक कामगारांचे जो यंग यांच्याबरोबर युनायटेड लेबर फ्रंट उभी राहिली. १८ मार्च १९७५ ला सॅन फर्नांडोत त्यांचा मोर्चा पोलिसांनी मोडून काढला आणि नेत्यांना अटक केली. तो दिवस तिथे ‘ब्लडी ट्यूसडे’ म्हणून ओळखला जातो.

१९७६ मध्ये या आघाडीने ३६ पैकी १० जागा जिंकल्या आणि पांडे विरोधी पक्षनेते झाले. पुढच्याच वर्षी आघाडीत भांडण लागलं आणि काही काळ ते पद रफीक शाह यांच्याकडे गेलं. मित्र जोडायचे, मग त्यांच्याशी फाटायचं, हा क्रम पुढे अनेकदा दिसेल.

फक्त साखरपट्ट्याच्या जोरावर सरकार का बनत नव्हतं?

कारण जागांचं गणित. तेव्हा ३६ मतदारसंघ होते, ३४ त्रिनिदादमध्ये आणि २ टोबॅगोत. बहुमताला १९ हव्या. पीपल्स नॅशनल मूव्हमेंट (पीएनएम) या देशाचे पहिले पंतप्रधान एरिक विल्यम्स यांच्या पक्षाची मदार शहरी, मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या मतदारांवर होती. कुव्हा, चग्वानास, प्रिन्सेस टाउन हा मध्य-दक्षिण पट्टा पांडेंचा. हा पट्टा अखंड जिंकला तरी आकडा १९ च्या खालीच राहायचा. दोन्ही समाज लोकसंख्येत जवळपास बरोबरीचे, तेव्हा प्रत्येकी सुमारे ४० टक्के. म्हणून खरी लढत मोजक्या मिश्र मतदारसंघांत व्हायची, आणि टोबॅगोच्या दोन जागांना त्यांच्या आकारापेक्षा कितीतरी जास्त वजन यायचं.

पद्धत आपल्यासारखीच, ज्याला जास्त मतं तो निवडून येतो. मतं विखुरलेली असली तर हाती काही लागत नाही. १९८१ मध्ये एका नव्या पक्षाला पाचांतल्या एकाहून जास्त मतं मिळाली आणि जागा शून्य.

१९८६ मध्ये ते सत्तेत आले होते ना? मग बिनसलं कशावरून?

आले होते, पण पंतप्रधान म्हणून नव्हे. विरोधी पक्ष एकत्र येऊन नॅशनल अलायन्स फॉर रिकन्स्ट्रक्शन (एनएआर) झाला. आघाडीतल्या पक्षांमध्ये पांडेंच्या पक्षाचे खासदार सर्वांत जास्त होते, तरी नेतृत्व त्यांनी टोबॅगोच्या रॉबिन्सन यांना दिलं. भारतीय वंशाचा चेहरा पुढे केला तर शहरी मतं येणार नाहीत, हा हिशेब होता. हिशेब बरोबर निघाला. डिसेंबर १९८६ मध्ये एनएआरला ३३ जागा मिळाल्या, पीएनएमला फक्त ३. पीएनएमची ३० वर्षांची सलग सत्ता संपली.

पांडे परराष्ट्रमंत्री झाले. पण ३३ जागा असल्या की कुणा एकाच्या जाण्याने सरकार पडत नाही, आणि जो पाडू शकत नाही त्याचं ऐकण्याची घाई कुणाला नसते. निर्णयांत आपल्याला विचारलं जात नाही, ही पांडे गटाची तक्रार वाढत गेली. फेब्रुवारी १९८८ मध्ये त्यांना मंत्रिमंडळातून काढलं. त्यातून युनायटेड नॅशनल काँग्रेस (यूएनसी) जन्माला आली. हाच पुढे त्यांचा पक्ष.

१७–१७–२ वरून पंतप्रधान कसे झाले?

१९९१ मध्ये पीएनएम पुन्हा सत्तेत आली होती. तिचे पंतप्रधान पॅट्रिक मॅनिंग यांनी मुदतीआधी एक वर्ष निवडणूक लावली. त्यांचं बहुमत घसरत होतं, आणि सभापती ऑका सीपॉल यांच्याशी भांडण इतकं विकोपाला गेलं होतं की ऑगस्ट १९९५ मध्ये आणीबाणी लावून त्यांना घरातच स्थानबद्ध केलं गेलं. सीपॉल यांचे भाऊ राल्फ मराज मॅनिंग यांचे मंत्री होते. ते पीएनएम सोडून यूएनसीत गेले. हे नाव लक्षात ठेवा, सहा वर्षांनी पुन्हा येणार आहे.

६ नोव्हेंबर १९९५ चा निकाल: पीएनएम १७, यूएनसी १७, एनएआर २. मतं पीएनएमला जास्त होती. एनएआरच्या दोन्ही जागा टोबॅगोच्या, आणि त्यातली एक खुद्द रॉबिन्सन यांची. ज्यांनी १९८८ मध्ये पांडेंना काढलं त्यांच्याच दारात आता पांडेंना जावं लागलं, आणि रॉबिन्सन यांनी पाठिंबा दिला. १७ अधिक २ म्हणजे बरोबर १९, एकही जास्तीचा नाही. तीन दिवसांत शपथविधी झाला.

असं काठावरचं सरकार टिकतं कसं, हा पुढचा प्रश्न. पांडेंनी दोन गोष्टी केल्या. रॉबिन्सन यांना आधी मंत्रिमंडळात खास दर्जा दिला आणि मार्च १९९७ मध्ये राष्ट्रपतिपदावर पोचवलं. शिवाय पीएनएमचे दोन खासदार फुटून सरकारकडे आले. आकडा सुरक्षित झाला. फक्त एकच गोष्ट त्या वेळी कुणी मनावर घेतली नाही: उद्या त्रिशंकू निकाल लागला तर पंतप्रधान कोण हे ठरवणारा माणूस आपणच नेमून ठेवला आहे.

त्यांच्या सरकारने काय केलं?

नवीन पिआर्को विमानतळ टर्मिनल, सर्व मुलांना माध्यमिक शाळेत जागा, शाउटर बाप्टिस्ट या आफ्रिकी वळणाच्या ख्रिस्ती पंथाच्या सणाला सुटी, आणि ३० मेच्या सुटीच्या नावात ‘इंडियन अरायव्हल डे’ असा स्पष्ट उल्लेख. कॅरिबियन न्यायालयाचं मुख्यालय पोर्ट ऑफ स्पेनला यावं म्हणून त्यांनी खटपट केली. गंमत अशी की विरोधात गेल्यावर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलला (शेवटच्या अपिलांचं ब्रिटिश न्यायपीठ) सोडचिठ्ठी देणाऱ्या घटनादुरुस्तीला त्यांच्याच पक्षाने साथ दिली नाही. न्यायालय त्रिनिदादमध्ये आहे, पण त्रिनिदादची शेवटची अपिलं अजूनही लंडनला जातात.

जून १९९९ मध्ये खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला अमली पदार्थांचा तस्कर डोल चाडी आणि त्याच्या टोळीतल्या आठ जणांना चार दिवसांत फाशी दिली गेली. देशात त्याला मोठा पाठिंबा होता, बाहेरून टीका झाली.

राष्ट्रपती तिथे शोभेचे असतात ना?

बहुतेक वेळ, हो. भारतासारखंच. पण सिनेटचे ३१ सदस्य नेमलेले असतात: १६ पंतप्रधानांच्या सल्ल्याने, ६ विरोधी पक्षनेत्यांच्या, ९ राष्ट्रपतींच्या स्वतःच्या मर्जीने. मंत्री सिनेटमधूनही घेता येतात.

घर्षण इथेच झालं. डिसेंबर २००० मध्ये यूएनसी १९ जागा घेऊन परत आली (पीएनएम १६, एनएआर १). पांडेंनी निवडणुकीत पडलेल्या सात उमेदवारांना सिनेटमध्ये घेऊन मंत्री करायचं ठरवलं. मतदारांनी नाकारलेल्यांना मागच्या दाराने आणू नये म्हणून रॉबिन्सन यांनी सही अडवून ठेवली. घटनेच्या शब्दांप्रमाणे सल्ला बंधनकारक होता. अखेर फेब्रुवारी २००१ मध्ये रॉबिन्सन यांनी नमतं घेतलं. आमच्या मते कायद्याच्या बाजूने पांडे बरोबर होते. पण दहा महिन्यांनी ज्या माणसाच्या विवेकावर आपलं पद अवलंबून राहणार, त्याच्याशी ते भांडले हेही खरं.

२००१ मध्ये १९ जागा असून सरकार का कोसळलं?

आतूनच. महाधिवक्ता रमेश लॉरेन्स महाराज, ट्रेव्हर सुदामा आणि राल्फ मराज (हो, तेच) या तिघांनी स्वतःच्या सरकारवर भ्रष्टाचाराचे आरोप केले. पांडेंनी १ ऑक्टोबरला महाराज यांना काढलं. १९ मधून ३ गेले की १६ उरतात. निवडणूक झाली तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

१० डिसेंबर २००१: यूएनसी १८, पीएनएम १८. या वेळी मतं यूएनसीला जास्त होती, म्हणजे १९९५ च्या बरोबर उलट. तिघा बंडखोरांच्या पक्षाला एकही जागा नाही. टोबॅगोच्या दोन्ही जागा पीएनएमकडे, त्यामुळे तराजू हलवायला तिसरा पक्षच उरला नाही.

१८–१८ असताना मॅनिंग पंतप्रधान कसे झाले?

घटनेचं कलम ७६ दोन पर्याय देतं. एखाद्या पक्षाला बहुमत असेल तर त्याचा नेता. नसेल तर, राष्ट्रपतींच्या मते ज्याला बहुमताचा पाठिंबा मिळण्याची सर्वाधिक शक्यता आहे आणि जो पद घ्यायला तयार आहे, असा सदस्य. बरोबरीत कुणाचीच शक्यता ‘सर्वाधिक’ नसते. पेच होता तो इथे.

दोन्ही नेते क्राउन प्लाझा हॉटेलात बसले आणि राष्ट्रपती ज्याला नेमतील त्याला मान्य करायचं ठरलं. २४ डिसेंबरला रॉबिन्सन यांनी नैतिक आणि आध्यात्मिक मूल्यांचा दाखला देत मॅनिंग यांना नेमलं. पांडेंनी करार झुगारला, नव्या निवडणुकीची मागणी केली आणि विरोधी पक्षनेतेपदही नाकारलं.

पायंडा काय होता? अशा बरोबरीत आधीच्या पंतप्रधानाला सभागृहाला सामोरं जाण्याची पहिली संधी द्यावी, असं मानणारे बरेच आहेत. राज्यपालांचे स्वेच्छाधिकार, मध्यरात्रीचे आणि पहाटेचे शपथविधी, हे सगळं पाहिलेल्या महाराष्ट्रातल्या वाचकाला हा वाद परका वाटणार नाही. मात्र पांडेंची बाजू मांडताना एक अडचण येते: निवाडा मान्य करू, असं त्यांनी आधी कबूल केलं होतं.

त्यानंतर संसद का भरली नाही?

भरली, पण चालली नाही. ५ एप्रिल २००२ चं दृश्य असं. खुर्चीवर सभापती नाही, म्हणून सभागृहाचे सचिव कामकाज चालवतात. सचिवांना मत नाही, निर्णायक मत तर नाहीच. सभापती निवडल्याशिवाय सदस्यांचा शपथविधी नाही, आणि शपथेशिवाय दुसरं कोणतंही काम नाही. नाव सुचवलं जातं, मतदान होतं, बहुमत होत नाही, नाव पडतं. पुढचं नाव.

आपल्यातला एखादा सदस्य सभापती करावा, तर त्याचं मत जातं आणि बाजू १७ वर येते. म्हणून दोघेही तसं करेनात. त्रिनिदादमध्ये बाहेरचा माणूसही सभापती होऊ शकतो, पण त्यालाही बहुमत हवंच, आणि विरोधकांना कोंडी फोडायची नव्हतीच. ऑगस्टअखेर पुन्हा प्रयत्न फसला. तिथलं आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं, म्हणजे संसदेशिवाय पैसा खर्च करण्याची मुदत संपत आली होती. ७ ऑक्टोबर २००२ ला निवडणूक झाली: पीएनएम २०, यूएनसी १६.

त्यांना शिक्षा झाली होती का?

झाली होती, आणि रद्दही झाली. अर्धंच लिहिणारे बरेच असतात म्हणून क्रम देतो.

सार्वजनिक पदावरच्या व्यक्तीने दरवर्षी मालमत्तेचं विवरण सचोटी आयोगाला द्यायचं असतं. पत्नी ओमा यांच्याबरोबरचं लंडनमधलं संयुक्त बँक खातं १९९७, १९९८ आणि १९९९ च्या विवरणांत दाखवलं नाही, असा आरोप २००२ मध्ये ठेवला गेला. खातं पत्नीचं, मुलांच्या शिक्षणासाठीचं, असा त्यांचा बचाव होता. २४ एप्रिल २००६ ला मुख्य दंडाधिकाऱ्यांनी दोन वर्षांची शिक्षा आणि दंड सुनावला. मार्च २००७ मध्ये अपील न्यायालयाने निकाल रद्द केला. कारण, दंडाधिकारी पक्षपाती असल्याची रास्त शंका. फेरखटल्याचा आदेश झाला, तो २०१२ मध्ये थांबला. म्हणजे आज त्यांच्या नावावर या प्रकरणातली शिक्षा नाही.

विमानतळ बांधकामाशी जोडलेला लाचेचा आरोप वेगळा. त्यात ३१ मे २००५ ला अटक झाली तेव्हा त्यांनी जामीन घ्यायचं नाकारलं आणि काही दिवस तुरुंगात काढले. ही दोन प्रकरणं एकत्र करू नका.

पक्ष हातून कसा गेला?

हप्त्याहप्त्याने. ऑक्टोबर २००५ मध्ये विन्स्टन डुकेरन यांना पक्षनेते केलं, पण सूत्रं सोडली नाहीत. वर्षभरात डुकेरन यांनी वेगळा पक्ष काढला. २००७ मध्ये त्या पक्षाला पाचांतल्या एकाहून जास्त मतं, जागा शून्य, आणि पीएनएमला ४१ पैकी २६. विरोधी मतं फुटली की काय होतं हे १९८१ मध्ये पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर हे पुन्हा घडलं. २००८ मध्ये परवानगीशिवाय लॅपटॉप वापरल्याबद्दल सभापतींनी त्यांना सभागृहाबाहेर काढलं, ही त्या काळातली आणखी एक ओळ.

२४ जानेवारी २०१० ला पक्षांतर्गत निवडणुकीत कमला पर्साद-बिसेसर यांनी त्यांना हरवलं. त्यांनीच आघाडी बांधली आणि मे २०१० मध्ये ४१ पैकी २९ जागा जिंकून त्या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. पांडे त्या निवडणुकीला उभेच नव्हते.

भारताशी त्यांचा अधिकृत संबंध?

१९९७ च्या प्रजासत्ताक दिनाचे ते प्रमुख पाहुणे होते. २००५ मध्ये त्यांना प्रवासी भारतीय सन्मान मिळाला.

मराठीत लिहिताना कोणत्या चुका होतात?

‘कॅरिबियनमधले पहिले भारतीय वंशाचे सरकारप्रमुख’ असं लिहिलं जातं, ते चूक. गयानात छेदी जगन त्यांच्या कितीतरी आधीचे. ‘वेस्ट इंडीजचे पंतप्रधान’ हेही चूक. वेस्ट इंडीज हा क्रिकेटचा संघ आहे, देश नाही. रमेश लॉरेन्स महाराज आणि राल्फ मराज ही दोन वेगळी माणसं आहेत, त्यांची अदलाबदल फार होते. आणि त्रिनिदादच्या राष्ट्रपतींची निवड संसदेची दोन्ही सभागृहं करतात, जनता नाही.

१८–१८ पुन्हा होऊ शकतं का?

सगळ्या जागा दोनच पक्षांत वाटल्या गेल्या तर नाही. २००७ पासून ४१ जागा आहेत, ३९ त्रिनिदादच्या आणि टोबॅगोच्या त्याच दोन. विषम आकड्यात दोन पक्षांची बरोबरी होत नाही. तिसरा पक्ष मध्ये आला तर होऊ शकते. एप्रिल २०२५ मध्ये यूएनसीला २६, पीएनएमला १३ आणि टोबॅगोच्या दोन्ही जागा तिथल्या स्वतंत्र पक्षाला गेल्या. या वेळी त्या दोघांची कुणाला गरज पडली नाही, इतकंच.